बिघाड सांगणारे गद्य

पदवीच्या वर्गांना 'उपयोजित' किंवा 'व्यावहारिक' मराठी शिकवण्याची प्रथा आता चांगलीच रुळली आहे. जाहिरात, वृत्तलेखन, इतिवृत्त, अर्ज, निमंत्रणपत्रिका हा तिचा ठरलेला ऐवज. एखादी वस्तू का चालत नाही ते क्रमाने आणि कारणांसह लिहून दाखवा, असा प्रश्न मात्र आमच्या पाहण्यात आलेला नाही. बिघाडाची चिकित्सा हा गद्याचा एक स्वतंत्र प्रकार आहे आणि मराठी विभागांनी तो शिकवला पाहिजे, असे आमचे मत आहे. काव्यशास्त्राच्या तासाला रमणाऱ्यांना हे विधान चमत्कारिक वाटेल; म्हणून एकच उदाहरण जरा विस्ताराने घेतो.

वीस-पंचवीस वर्षे वापरलेल्या एखाद्या महागड्या मोटारीतली विजेवर सरकणारी सीट घ्या. एके दिवशी बटण दाबूनही ती हलत नाही. नवशिका कारागीर तत्काळ म्हणतो, 'मोटर गेली.' (हाती आलेला एकच सिद्धान्त प्रत्येक कादंबरीला लावणारे समीक्षक येथे आठवल्यावाचून राहत नाहीत.) जाणता वायरमन आधी विचारतो : काहीच हलत नाही, की एखादीच हालचाल बंद आहे? सगळेच बंद असेल तर दोष सर्वांना सामाईक असलेल्या जागी शोधायचा : फ्यूज, सीटखालचा कनेक्टर, मोटारीच्या बॉडीला जोडलेली अर्थची वायर. एकच हालचाल बंद असेल तर तिची मोटर, त्या मोटरच्या वायरी किंवा स्विचमधला तेवढाच कॉन्टॅक्ट. सीट मागे जाते पण पुढे येत नाही, ही तक्रार तर सर्वांत बोलकी. पुढे नेणारी आणि मागे नेणारी मोटर एकच असते. स्विच केवळ प्रवाहाची दिशा उलटवतो. सीट मागे जात असेल तर मोटर जिवंत आहे, हे कोणतेही उपकरण न लावता सिद्ध झाले. उरले दोन संशयित : स्विचचा जळलेला कॉन्टॅक्ट, नाहीतर रुळात अडकलेले नाणे, पेन, पोराचे खेळणे.

सीट कोणत्याच बाजूला हलत नसेल, तर इंजिन बंद ठेवून छताचा दिवा लावायचा आणि बटण दाबून धरायचे. दिवा किंचित मंदावला तर प्रवाह मोटरपर्यंत पोचतो आहे, पण ती कशाने तरी अडली आहे. दिवा तसाच राहिला तर प्रवाह वाटेतच कोठेतरी तुटला आहे. एका वस्तूविषयीचे अनुमान दुसऱ्याच वस्तूच्या वर्तनावरून काढायचे, हे धुरावरून अग्नी ओळखणाऱ्या नैयायिकांना परके वाटले नसते.

यानंतर कानाचे काम. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत अनुकरणवाचक शब्दांना अभ्यस्त शब्दांच्या पोटात एक यादी मिळते आणि प्रकरण संपते. गॅरेजमध्ये तेच शब्द पुरावा ठरतात. 'टक्' होऊन शांत झाले तर वीज पोचली, पण काहीतरी जाम आहे. नुसतीच 'घरघर' आणि हालचाल नाही, तर मोटर फिरते आहे. तिच्यापुढचा प्लास्टिकचा गिअर झिजला असेल किंवा रुळापर्यंत फिरकी नेणारी लवचीक केबल निसटली असेल. 'कटकट' म्हणजे दाते घसरताहेत. 'कुरकुर' म्हणजे रुळातले ग्रीस वाळले. दोन रुळांपैकी एकाचीच केबल तुटली तर सीट तिरकी होऊन अडकते. तेथे आवाजापेक्षा डोळा उपयोगी. मराठीला ध्वनींतले इतके बारकावे सहज सांगता येतात, आणि त्यांचा उपयोग आम्ही प्रामुख्याने पावसाच्या वर्णनात करतो!

पुढचा पेच साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष लक्षात घ्यावा. सीट काढून दुरुस्त करायची तर तिचे बोल्ट उघडावे लागतात. पुढचे बोल्ट दिसायला सीट मागे सरकावी लागते, मागचे दिसायला पुढे. सीट सरकत नाही म्हणून काढायची, आणि सरकत नाही म्हणून काढता येत नाही. श्लायरमाखरपासून गादामरपर्यंत अर्थनिर्णयनाच्या ज्या वर्तुळाची चर्चा आम्ही वर्गात करतो, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. वायरमन ते वर्तुळ बॅटरीतून थेट मोटरला बारा व्होल्ट देऊन तोडतो. कुशीत एअरबॅग असलेल्या सीटखाली सहसा पिवळा कनेक्टर असतो. बॅटरीची ऋण वायर काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो, हे तो शिकाऊ पोराला दोनदा बजावतो. ('अर्थ मिळत नाही' हे त्याचे वाक्य ऐकून कोणाही मराठीच्या प्राध्यापकाला हसू येईल. येऊ द्यावे.)

या सगळ्या विवेचनात पारिभाषिक अडचण किती आली? फ्यूज, स्विच, कॉन्टॅक्ट, गिअर हे शब्द बाहेरचे, परंतु वाक्ये मराठी आहेत. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या मराठीची चिंता करताना आपण नामांवर फार शक्ती खर्च केली. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश उपयुक्त आहेत, परंतु नामे जमली की गद्य आपोआप उभे राहते, हा समज भोळा आहे. सीटला 'विद्युत्चलित आसन' म्हटल्याने ती सरकत नाही. विचार चालतो तो 'असेल तर', 'नसेल तर', 'म्हणजे', 'तरीही', 'त्याअर्थी' यांच्या आधाराने. आमच्या विद्यार्थ्यांचे निबंध लंगडतात ते शब्दसंपत्तीच्या अभावाने नव्हे. एका विधानातून दुसरे निघावे लागते, ही सवयच त्यांना लागलेली नसते.

हे काम आय.टी.आय.चे आहे, असा आक्षेप येईल. सीट दुरुस्त करणे आय.टी.आय.चे, हे मान्य. तिची चिकित्सा वाचता येण्याजोगी लिहिणे कोणाचे? डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मर्सिडीज-बेंझच्या सीटच्या बटणांची तारीफ केली आहे : बटणांचाच आकार छोट्या सीटसारखा, पाठीचा तुकडा कलवला की पाठ कलते. चिन्ह आणि चिन्हित यांच्या साधर्म्याचा हा नमुना चिन्हमीमांसेच्या तासाला कोणी दाखवला तर हरकत कोणती? आणि परंपरेचाच दाखला हवा असेल, तर नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे घरपत्र म्हणून 1920 साली 'किर्लोस्कर खबर' निघाले आणि त्यातूनच पुढे 'किर्लोस्कर' मासिक उभे राहिले. लोखंड आणि ललित यांची सोयरीक मराठीत नवी नाही.

तेव्हा अभ्यासमंडळांना आमची सूचना अशी. उपयोजित मराठीच्या अंतर्गत मूल्यमापनातले दहा गुण या प्रकाराला द्यावेत. विद्यार्थ्याने गॅरेजमध्ये, घड्याळजीकडे, शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे, कोठेही दोन तास बसावे, एक बिघाड सापडेपर्यंत पाहावा आणि तो दीड पानात लिहावा. इंग्रजी शब्द आले तर गुण कापू नयेत. 'इत्यादी' आले तर कापावेत.