आधी आतली डिस्क बंद करा, मग केबल काढा

बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा पेन ड्राइव्हवर व्हीएचडी अथवा व्हेराक्रिप्टची फाइल ठेवून काम करणाऱ्या सर्वांना कळकळीची विनंती आहे. ती फाइल उघडी असताना केबल उपसू नका.

अशी फाइल उघडली की संगणक तिला वेगळी डिस्क मानतो, पण ती असते दुसऱ्या डिस्कच्या पोटात. म्हणून आधी आतली डिस्क डिसमाउंट करायची आणि मगच बाहेरची इजेक्ट करायची. ‘सेव्ह’ केलेला मजकूर त्याच क्षणी डिस्कवर उतरतो असं नाही. लिनक्समध्ये मूळ सेटिंगनुसार तो ३० सेकंदांच्या आसपास मेमरीतच राहू शकतो.

विंडोजला आता इजेक्ट लागत नाही, असं पुष्कळजण सांगतात. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हला ‘क्विक रिमूव्हल’ मुळातच लागू असतं, हे खरं. पण आत उघडलेल्या डिस्कवर लिखाण चालू असेल, तर त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका. २०१२ मध्ये आलेल्या व्हीएचडीएक्स या व्हीएचडीच्या सुधारित प्रकारात स्वतःचा लॉग असतो, त्यामुळे वीज गेली तरी डिस्कची रचना सहसा सावरते. पण रचना वाचली म्हणून तुमची हिशेबाची फाइल वाचलीच, असं समजू नका.

‘डिव्हाइस वापरात आहे’ असा संदेश आला, तर उघडे प्रोग्राम बंद करून पाहा. तरीही सुटत नसेल तर संगणक बंद करा आणि मग केबल काढा.

ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनाही एक सांगणं आहे. उपकरण अचानक गेल्याची सूचना विंडोज वेगळी देते. ती आली की उपकरणाला हात लावू नका आणि खोळंबलेल्या मागण्या चूक दाखवून लगेच परत करा. मेमरी मात्र तेव्हाच सोडू नका. सगळी हँडल बंद झाल्यावर काढून टाकण्याची अखेरची सूचना येते, तोवर थांबा. इथे घाई झाली की निळा पडदा येतो. आणि न झालेलं लिखाण ‘झालं’ म्हणून कधीही कळवू नका, कारण माणसं त्या शब्दावर विसंबून मूळ प्रत पुसून टाकतात.

केबल निघालीच, तर पुन्हा जोडल्यावर नवीन काही लिहू नका. आधी जमेल तेवढं दुसरीकडे उतरवून घ्या, दुरुस्तीचं त्यानंतर पाहा. व्हेराक्रिप्ट वापरणाऱ्यांनी हेडरचा बॅकअप आजच घेऊन वेगळ्या जागी ठेवावा. हेडर बिघडला आणि त्याची एकही शाबूत प्रत उरली नाही, तर पासवर्ड पाठ असूनही फाइल उघडत नाही.