ईमेल पाठवणारा खरा की तोतया? ‘प्रेषक पडताळणी’ स्पॅम कशी रोखते आणि कुठे कमी पडते

बँकेच्या नावाने ईमेल येतो. ‘तुमचं केवायसी अपूर्ण आहे, खातं आज बंद होईल.’ पाठवणाऱ्याच्या जागी बँकेचाच पत्ता दिसतो, त्यामुळे मेल खरा वाटतो. पण तो पत्ता हा पुरावा नाही. पाठवणाऱ्याने स्वतः लिहिलेला तो मजकूर आहे आणि तिथे काहीही लिहिता येतं.

ही फट बुजवण्यासाठी गुगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना प्रेषक पडताळणी सक्तीची केली. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक आणि हॉटमेलसाठी तसेच नियम लागू केले. या पडताळणीत नेमकं काय होतं? आणि त्यामुळे स्पॅम खरंच थांबतो का?

मुळात फट का राहिली?

एका सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर मेल नेण्याची एसएमटीपी ही पद्धत १९८२ मध्ये ठरली. तेव्हा नेटवर्क छोटं होतं. विद्यापीठं आणि संशोधन संस्थाच प्रामुख्याने ते वापरत. त्यामुळे ओळख तपासण्याची सोय त्यात ठेवलीच नव्हती.

शिवाय प्रत्येक मेलला पाठवणाऱ्याचे दोन पत्ते असतात. एक पाकिटावरचा, जो सर्व्हर वाचतो. दुसरा आतल्या पत्रावरचा, जो तुम्हाला स्क्रीनवर दिसतो. हे दोन्ही सारखे असलेच पाहिजेत, असं बंधन मूळ पद्धतीत नाही.

पडताळणी कशी होते?

आज यासाठी तीन उपाय एकत्र वापरले जातात.

एसपीएफ: डोमेनचा मालक आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात, याची यादी डीएनएसमध्ये जाहीर करतो. मेल घेणारा सर्व्हर ती यादी पाहतो. पण ही तपासणी पाकिटावरच्या पत्त्याची असते. मेल दुसऱ्या सर्व्हरमार्फत फॉरवर्ड झाला, की ती अनेकदा फसते.

डीकेआयएम: ही लाखेच्या मोहरेसारखी डिजिटल सही. पाठवणारा सर्व्हर गुप्त किल्लीने सही करतो आणि ती तपासायची किल्ली डीएनएसमध्ये सगळ्यांसाठी खुली असते. सही केलेल्या भागात वाटेत बदल झाला, तर मोहोर तुटते.

डीमार्क: स्क्रीनवर दिसणारा पत्ता आणि वरच्या दोनपैकी किमान एका तपासणीत पास झालेलं डोमेन जुळतं का, हे इथे पाहिलं जातं. जुळलं नाही, तर मेल येऊ द्यावा, स्पॅममध्ये टाकावा की नाकारावा, याची सूचना डोमेनचा मालकच देऊन ठेवतो.

सक्ती कुणाला?

वैयक्तिक जीमेल खात्यांवर मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाला एसपीएफ किंवा डीकेआयएम यापैकी एक हवंच. दिवसाला सुमारे ५,००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना तिन्ही लागतात. शिवाय ‘हा स्पॅम आहे’ अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली ठेवावं लागतं.

याआधी, २०२२ मध्ये गुगलने काही ना काही पडताळणी आवश्यक केली होती. त्यानंतर जीमेलवर येणारे पडताळणी नसलेले मेल ७५ टक्क्यांनी घटल्याचं कंपनीने सांगितलं.

मग ‘पास’ झालेला मेल खरा मानायचा?

नाही. मेल कोणत्या डोमेनवरून आला, एवढंच पडताळणी सांगते. त्या डोमेनचा मालक प्रामाणिक आहे का, हे ती सांगत नाही. बँकेच्या नावात एखादं अक्षर बदलून भामटा स्वतःचं डोमेन घेतो, त्यावर तिन्ही तपासण्या बसवतो आणि त्याचा मेल रीतसर पास होतो. मोबाइलवर तर अनेकदा फक्त पाठवणाऱ्याचं नाव दिसतं आणि नावाची तपासणी डीमार्क करत नाही.

तरीही उपयोग मोठा आहे. पडताळणीमुळे तक्रारी योग्य डोमेनच्या खात्यावर जमा होतात आणि बदनाम डोमेन अडवता येतं. दुसऱ्याच्या नावावर स्पॅम खपवणं अवघड होतं.

मिळत्याजुळत्या नावांचा धोका कमी करण्यासाठी रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव डोमेनवर जायला सांगितलं. या डोमेनची नोंदणी हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था करते. त्यामुळे कुणालाही उठून तिथे नाव घेता येत नाही.

फटका कुणाला बसतो?

अनेकदा छोट्या, प्रामाणिक संस्थांना. समजा, एखाद्या क्लासचं स्वतःचं डोमेन आहे, पण फीच्या पावत्या बाहेरच्या बिलिंग सॉफ्टवेअरमधून जातात. त्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर एसपीएफच्या यादीत नसेल आणि डीकेआयएमची सहीही नसेल, तर पावत्या स्पॅममध्ये जातात किंवा परत येतात. पालक म्हणतात पावती मिळाली नाही, क्लास म्हणतो पाठवली. दोघंही खरंच बोलत असतात.

म्हणून डीमार्क एकदम कडक करायचं नसतं. आधी फक्त अहवाल घ्यायचे, आपल्या नावाने कोण कोण मेल पाठवतं ते शोधायचं, राहिलेले सर्व्हर यादीत घालायचे आणि मगच ‘नाकारा’ ही सूचना द्यायची. मात्र पहिल्या पायरीवरच थांबलं, तर तोतया मेल अडवण्याची सूचना कुणालाच मिळत नाही.

तुम्ही काय पाहाल?

संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडून तीन ठिपक्यांच्या मेन्यूतून ‘शो ओरिजिनल’ निवडलं, की तिन्ही तपासण्यांचे निकाल दिसतात. ‘फेल’ दिसलं, तर सावध व्हा. ‘पास’ दिसलं, तरी डोमेनचं अक्षर न् अक्षर वाचा. आणि खातं बंद होण्याची भीती घालणारा मेल असेल, तर त्यातल्या लिंकवर न जाता बँकेचं अ‍ॅप स्वतः उघडून खात्री करा.