चिंता जेव्हा शरीराच्या भाषेत बोलते

'मला चिंतेचा त्रास आहे' असे सांगत दवाखान्यात येणारे ज्येष्ठ विरळाच. त्यांची तक्रार निराळी असते. छातीत धडधडते, पोटात गोळा येतो, पहाटे तीनला जाग येते, हातपाय गळून जातात. त्यावर घरची मंडळी 'वयोमानाने व्हायचेच' किंवा 'तुम्ही उगीच विचार करता' असे म्हणून विषय संपवतात. चिंताविकार वर्षानुवर्षे उपचारावाचून राहतो, तो बहुधा या दोन वाक्यांमुळेच.

काळजी आणि चिंताविकार यांतील भेद ओळखावा. परगावी निघालेला मुलगा सुखरूप पोहोचेपर्यंत डोळा न लागणे ही काळजी. त्याचा फोन आला की ती ओसरते. परंतु एक कारण संपताच मन दुसरे शोधू लागते, विचार आवरत नाहीत आणि झोप, जेवण, बाहेर जाणे यांवर महिनोन्महिने परिणाम होत राहतो, तेव्हा तो आजार समजून तपासून घ्यावा.

तपासणीचा आरंभ शरीरापासून व्हावा. थायरॉइडचा अतिस्राव, हृदयाचे अनियमित ठोके, रक्तक्षय, मधुमेहाच्या औषधांनी साखर एकदम उतरणे, या सर्वांत धडधड आणि घाबरेपणा असू शकतो. दम्याची काही औषधे, थायरॉइडच्या गोळीची अधिक झालेली मात्रा, दिवसभरातील पाच-सहा कप चहा हीदेखील कारणे असतात. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व औषधे, आयुर्वेदिक चूर्णांसह, एका पिशवीत घालून न्यावीत. छातीत नव्याने दुखू लागले, दम लागला, दरदरून घाम फुटला, तर मात्र 'चिंतेनेच होत असेल' असे म्हणून घरी थांबू नये. तातडीने रुग्णालय गाठावे.

चिंतेचे मोजमाप करण्यासाठी 2006 साली प्रसिद्ध झालेली 'जीएडी-7' ही सात प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. त्यातील पहिले दोन प्रश्न आपण घरीही विचारू शकता. गेल्या दोन आठवड्यांत अस्वस्थ, घाबरे किंवा तणावग्रस्त किती वेळा वाटले? काळजी थांबवता किंवा आवरता येत नाही, असे किती वेळा झाले? 'अजिबात नाही' यास 0, 'काही दिवस' यास 1, 'निम्म्याहून अधिक दिवस' यास 2 आणि 'जवळजवळ रोज' यास 3 गुण द्यावेत. दोहोंची बेरीज 3 किंवा अधिक आली, तर डॉक्टरांना भेटावे. ही केवळ चाळणी आहे, निदान नव्हे. गुण कमी असूनही त्रास होत असेल, तर तोही सांगावा.

उपचारांत समुपदेशन आणि औषधे या दोहोंचा उपयोग होतो. चिंतेवरील नेहमीच्या औषधांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. चार दिवसांत ती सोडू नयेत. ज्येष्ठांमध्ये त्यांपैकी काहींमुळे रक्तातील सोडियम उतरू शकते, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली रक्ततपासणी टाळू नये. शेजाऱ्यांनी सुचवलेली अल्प्राझोलामसारखी गोळी परस्पर घेऊ नये. तिने तोल जाऊन पडण्याचा धोका वाढतो, स्मरण मंदावते, सवय लागते. जे ती दीर्घकाळ घेत आहेत त्यांनी एकाएकी बंदही करू नये. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी दोन सूचना. 'काही होणार नाही' असे शंभरदा सांगितल्याने किंवा दिवसातून दहा वेळा रक्तदाब मोजल्याने क्षणभर धीर येतो आणि तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्याऐवजी दुपारी वीस मिनिटे 'काळजीची वेळ' ठरवावी, मनातले लिहून काढण्यास सांगावे आणि ते शांतपणे ऐकावे. भीतीने बाहेर जाणे बंद झाले असेल, तर पहिल्या दिवशी फाटकापर्यंत, मग कोपऱ्यापर्यंत, असे सोबतीने पुढे जावे.

'टेलिमानस' या शासकीय सेवेच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. जगणे नकोसे झाल्याचे उद्गार कानी आले, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्या व्यक्तीस एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्या.

पुढील अंक हाती येण्यापूर्वी वरील दोन प्रश्न आपल्या घरातील ज्येष्ठांना अवश्य विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थोडे थांबा. मनातले सांगायला त्यांना वेळ लागेल.