गावोगावचा गोडवा

जालन्याहून एखाद्या शाळेची सहल निघाली, की मुलांच्या पिशव्यांत बिस्किटांचे पुडे ठासून भरलेले असतात. सहल कोकणात जावो की खानदेशात, वाटेत फोडला जातो तो तोच पुडा. डोळ्यांनी नवा मुलूख पाहावयाचा आणि जिभेने मात्र घरचा उंबरठाही ओलांडावयाचा नाही, हा कसला प्रवास?

गावचे पक्वान्न ही केवळ चैन नव्हे. त्या मुलखाची माती, पाणी आणि माणसांचे शहाणपण त्यात उतरलेले असते. मालवणच्या खाज्यावर गुळाचा व आल्याचा लेप असतो. खानदेशातील गृहिणी पुरण भरलेला मांडा हातांवर पसरवून उलट्या खापरावर भाजतात. नरसोबाच्या वाडीस कवठाची बर्फी मिळते. एरवी चटणीपुरते आठवणारे फळ तेथे मिठाईच्या ताटात मानाने बसते.

मराठवाड्यातील कुंथलगिरीचा पेढा तर याहून मोठी गोष्ट सांगतो. धाराशिव जिल्ह्यातील त्या डोंगराळ भागात पाऊस बेताचा, पिकाचा भरवसा नाही. दूध होते, परंतु बाजार दूर, आणि दूध तर काही तासांत नासणार. म्हणून लोकांनी ते कढईत आटवले. सुमारे पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. तो दुधापेक्षा अधिक टिकतो व दूरवर नेता येतो. पावसाने दगा दिला, तरी या खव्याने कित्येक घरांची चूल पेटती ठेवली.

कोणी म्हणेल, 'ही मिठाई आता शहरातही मिळते. मग वाट वाकडी कशाला करावी?' शहरात पेढा मिळेल. पण भट्टीच्या धगीत तासन्‌तास खवा हलवणारा हात तेथे दिसणार नाही. शिवाय त्या हाताला योग्य मोल मिळाले नाही, तर त्याचे कसबही त्याच्याबरोबरच संपेल.

जपानी लोकांनी हे जाणले आहे. तेथे प्रवासाहून परतणारा मनुष्य त्या त्या गावची मिठाई शेजाऱ्यांसाठी व सहकाऱ्यांसाठी आवर्जून आणतो. क्योतोहून तांदळाच्या पिठाची, दालचिनीच्या स्वादाची यात्सुहाशी येते, तर नागोयाहून वाफवलेली उइरो. या रीतीमुळे गावोगावच्या कारागिरांना गिऱ्हाईक मिळते.

जालन्याच्या मुलांनीही असेच करावे. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपल्या जिल्ह्याची मोसंबी त्यांनी सोबत न्यावी आणि परतताना त्या गावचा गोडवा घरी आणावा. देणेघेणे असे झाले, तरच प्रवास सार्थकी लागेल.