सावली पडली की बुडी

पुतणी सातवीत आहे. विज्ञान प्रकल्पासाठी तिने गच्चीवरच्या फुटक्या बादलीतल्या डासांच्या अळ्या काचेच्या बरणीत घेतल्या आणि तोंडाला मलमल घट्ट बांधली. बरणीवर हाताची सावली पडली की अळ्या वळवळत तळ गाठतात, श्वासासाठी पुन्हा वर येतात. शेपटीकडची श्वासनळी पृष्ठभागाला टेकवून, डोकं खाली करून तिरप्या लटकतात. म्हणजे या क्युलेक्सच्या नाहीतर एडिसच्या. हिवतापाच्या ॲनोफिलीसची अळी पाण्याला समांतर, आडवी तरंगते. दर ३० सेकंदांनी सावली पाडून किती जणी बुडी मारतात ते ती वहीत लिहीत होती. दहा-बारा खेपांनंतर निम्म्याअधिक जागच्या हलेनात. "काका, दमल्या की सवय झाली?" सगळ्या प्रकल्पाहून मला हा प्रश्न मोलाचा वाटला. उत्तर मी सांगितलं नाही. थोडा वेळ विचार करून तिनेच बरणीला टिचकी मारली, आणि सगळ्या झरकन खाली! दमलेल्या अशा गेल्या असत्या का? आठवडा-दहा दिवसांत अळीचा डास होतो, म्हणून शनिवारी हे पाणी कोरड्या मातीवर ओतायचं आहे. तोवर ती टिचकीनंतरच्या सावल्या मोजते आहे.