प्लगची महागडी वायर घ्यावी का?

‘अम्मी, प्लगला ती जाड लाल वायर टाकली की पिकअप वाढतो,’ म्हणत मुलगा पैसे मागतो. द्यावेत का?

कॉइलमधला हजारो व्होल्टचा करंट प्लगपर्यंत नेणं, एवढंच या वायरचं काम. जुनी वायर धड असेल तर नव्या वायरने ना ताकद वाढते, ना अ‍ॅव्हरेज.

वायरला चिरा पडल्या असतील तर मात्र गोष्ट वेगळी. पावसात पाणी लागलं की करंट बाहेर गळतो, गाडी मिसिंग करते आणि बंद पडते. चंद्रपूर-मूल किंवा आलापल्ली-भामरागडच्या जंगलरस्त्यावर, मागे बायको-पोरं बसलेली, दिवस मावळलेला आणि मोबाइलला रेंज नाही, अशा वेळी हे महागात पडतं.

म्हणून मृग लागण्याआधी एका रात्री अंगणात अंधार करून गाडी चालू ठेवा आणि हात न लावता वायरकडे पाहा. निळसर ठिणग्या दिसल्या तर वायर बदला. कंपनीची साधी वायर पुरे. बऱ्याच गाड्यांत ती कॉइलसकटच येते, हे आधी विचारून घ्या. ठिणग्या नसतील आणि तरी मिसिंग असेल, तर आधी प्लग आणि कॅप बदलून बघा. खर्च कमी लागतो. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला कॅप रेझिस्टरवालीच हवी असेल, तर तशीच घ्या.

आणि मुलाला सांगा, उरलेल्या पैशांत एक जादा प्लग आणि प्लगपाना घेऊन गाडीत ठेव. जंगलात तोच कामी येईल.