भाड्याचा गाळा घेण्यापूर्वी



लाखांदूर तालुक्यातील दिघोरी येथून एका व्यापारी बंधूंचे पत्र आले आहे. वय ६२; धान्य-किराण्याचे दुकान; चिरंजीव नोकरीनिमित्त नागपुरास, परतण्याची शक्यता नाही. व्यापारातील २० लाख रुपये काढून रस्त्यालगतचा गाळा घ्यावा आणि भाड्यावर उतारवय निश्चिंतपणे घालवावे, असा त्यांचा मानस आहे. येत्या अक्षय्य तृतीयेस इसार द्यावयाचा आहे. ‘विटेतला पैसा बुडत नाही,’ असे ते लिहितात. खरे आहे, परंतु तो हव्या त्या वेळी बाहेर निघतोच असेही नाही.

प्रथम हिशेब पाहू. महिना ८,००० रुपये भाडे धरले, तर वर्षाचे ९६,००० होतात. एक महिना गाळा रिकामा राहिला आणि घरपट्टी व दुरुस्तीत १२,००० गेले, तर हाती ७६,००० उरतात. म्हणजे शेकडा ३.८०. बँकेची मुदत ठेवही सहसा याहून अधिक देते. आयकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, ही जमेची बाजू. जागेची किंमत वाढेलही. पण विकल्यावाचून ती वाढ हाती येत नाही. धानाच्या भागात पीक साधले तरच बाजार हलतो, आणि भाडेकरूची मिळकतही त्याच पिकावर अवलंबून असते. म्हणजे व्यापार व भाडे हे दोन आधार वाटले, तरी मूळ एकच.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर-आकारणीचा उतारा आहे. मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. जागा गावठाणातील की शेतीची, अकृषिक परवानगी आहे काय, मागील खरेदीखते व बोजा काय सांगतात, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. गाळ्याऐवजी नागपुरात सदनिका घेतल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम ५५ ध्यानी ठेवावे. करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ‘आपलाच माणूस’ म्हणून केलेला तोंडी व्यवहार पुढे नातेही बिघडवतो.

तिसरी गोष्ट आपल्या आचाराची. परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र व वास्तू यांचीही मर्यादा सांगितली आहे. शिवाय गाळा कोणास देणार? मद्य-मांसाच्या विक्रेत्याने दीडपट भाडे देऊ केले, तर नकार द्यावा लागेल. तो नकार टिकवण्यासाठी गाळा सहा महिने रिकामा राहिला तरी घर चालेल एवढी शिल्लक हवी. संपूर्ण भांडवल विटांत घातलेल्या मनुष्याचा नकार फार काळ टिकत नाही.

म्हणून आमचे मत असे : औषधपाणी व दोन वर्षांचा घरखर्च ठेवीत राहू द्यावा, हंगामातील खरेदीपुरते भांडवल व्यापारात असावे, उरेल त्यातूनच, कर्ज न काढता, वास्तूचा विचार करावा. इसारापूर्वी श्राविका, चिरंजीव आणि सासरी असलेल्या कन्येलाही जवळ बसवून बोलावे. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांस लागू आहे. मृत्युपत्र नसल्यास कन्येचा वाटा पुत्राइतकाच. एका गाळ्याचे तुकडे होत नाहीत, मनांचे मात्र होतात.

इसार महिनाभर लांबल्यास एक मुहूर्त हुकेल. जन्मभराची पुंजी मात्र सुरक्षित राहील.